वाचनालयाची सूची पीसीवर उघडते, टॅबवर आयपी टाकला की उघडत नाही

पानखूण
सोमवार, संध्याकाळी ६:१२

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा मोठा साठा आहे, गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवलेला. दीड वर्षापासून त्याची सूची करतेय. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो, अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो, लेखकांची नावं, कथा की लेख की कविता. आजवर साडेसहाशे अंक झाले. सगळं काउंटरवरच्या पीसीवर झॅम्प (पीसीलाच वेब सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलंय. विंडोज १० आहे.

पीसीवर लोकलहोस्ट/सूची लिहिलं की सगळं छान चालतं. एखाद्या लेखकाचं नाव टाकलं की त्यांनी कोणकोणत्या वर्षी कुठे लिहिलं ते एका पानावर येतं. हे बघायला लोक माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. म्हणून वाचनकक्षात देणगीतून आलेले दोन टॅब (टॅबलेट) ठेवायचे ठरवलं.

लोकलहोस्टच्या जागी पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकायचा असं वाचलं होतं. आयपीकॉन्फिग ही कमांड चालवून पत्ता काढला, १९२.१६८.५६.१ आला. पीसीच्याच क्रोममध्ये टाकला तर झॅम्पचं पान उघडलं, म्हणजे पत्ता बरोबर असणार. टॅबवर मात्र वरची निळी रेघ अर्ध्यात अडकते आणि मिनिटभराने 'टुक टू लाँग टु रिस्पॉन्ड' येतं.

पीसी बसवून देणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, यासाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल, आणि कोटेशनही पाठवलं. गुरुवारी समितीची बैठक आहे. वाचनालयाचे पैसे खर्च करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा. पीसी आणि दोन्ही टॅब एकाच राउटरवर आहेत.

शून्यएक
सोमवार, संध्याकाळी ६:४०

फायरवॉल बंद करून बघा. दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

तांब्याची_तार
सोमवार, संध्याकाळी ७:०५

ताई, फायरवॉल अजिबात बंद करू नका, बाहेरून येणाऱ्या मागण्या तीच अडवते. त्या वायफायवर गावातल्या लोकांचे फोन येत-जात असतील, आणि पीसीवर तुमचं दीड वर्षाचं काम आहे.

आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. दोन टॅबसाठी तो पीसी भरपूर झाला. बैठकीआधी आपण हे सोडवू.

आधी पत्त्याचं बघू. १९२.१६८.५६.१ हा पत्ता दिसला की मला व्हर्च्युअलबॉक्स आठवतं. पीसीच्या आत दुसरा काल्पनिक पीसी चालवणारं ते सॉफ्टवेअर टाकलं की विंडोजमध्ये एक काल्पनिक नेटवर्क कार्ड तयार होतं आणि त्याला बहुतेक वेळा हाच पत्ता मिळतो. तो फक्त पीसीच्या पोटातला पत्ता आहे, राउटरला त्याची खबरही नसते. पीसीवर तो उघडला कारण पीसी स्वतःच्या कोणत्याही पत्त्याला ओ देतो. तेवढ्यावरून बाहेरून तो चालेल असं ठरत नाही.

कधी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं होतं का? आयपीकॉन्फिगचं सगळं उत्तर वरपासून खालपर्यंत वाचा. ज्या कार्डाखाली 'डिफॉल्ट गेटवे'समोर (राउटरचा पत्ता) आकडा आहे, त्या कार्डाचा आयपीव्ही४ पत्ता हवाय.

पानखूण
सोमवार, संध्याकाळी ७:३३

हो, टाकलं होतं! कोहा हे ग्रंथालयांचं मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं म्हणून एका विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. नंतर ते तसंच राहिलं.

आयपीकॉन्फिगमध्ये तीन कार्डं आहेत. गेटवे एकाच इथरनेटपुढे आहे, १९२.१६८.१.१. त्याच कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.७. टॅबवर १९२.१६८.१.७ टाकलं, तरी तेच. रेघ अडकते, टुक टू लाँग.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ९:१८

चुकीचा पत्ता सुटला हे छानच झालं, तो एकटाच माणसाला आठवडाभर फिरवतो.

पुढे जाण्याआधी एक सवय लावून घ्या, खूप उपयोगी पडते. टॅबवर नक्की काय शब्द येतात ते दर वेळी लिहून ठेवा. 'टुक टू लाँग' म्हणजे आपण कडी वाजवतोय आणि आतून कुणी काही बोलतच नाही. बहुधा मध्ये फायरवॉल मागणी गिळून टाकतेय किंवा त्या पत्त्यावर कुणी नाहीच. 'रिफ्यूज्ड टु कनेक्ट' म्हणजे आतून 'नाही' असं उत्तर आलं. म्हणजे यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कोणी नाही. ४०३ किंवा ४०४ आलं तर उत्तर वेब सर्व्हरनेच दिलं, मग नेटवर्कमध्ये शोधत बसायचं नाही, सेटिंग बघायचं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक तिन्हींना 'उघडत नाही' असंच म्हणतात.

आता पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एएनओ असं चालवा. लांबलचक यादी येईल. 'लिसनिंग' लिहिलेल्या ओळींत 'लोकल ॲड्रेस'च्या शेवटी :८० (वेब सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट) असलेली ओळ शोधा. ती ०.०.०.०:८० आहे की १२७.०.०.१:८०?

पानखूण
सोमवार, रात्री ९:५१

०.०.०.०:८० लिसनिंग, शेवटी ४७१६. झॅम्पच्या पॅनलमध्ये अपाची या वेब सर्व्हरसमोर पीआयडीच्या (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाच्या) रकान्यात दोन आकडे आहेत, त्यातला एक ४७१६.

रात्रपाळी
सोमवार, रात्री १०:०२

उत्तम. ०.०.०.० म्हणजे अपाची पीसीच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय. १२७.०.०.१ असतं तर फक्त स्वतःचंच ऐकलं असतं, आणि अपाचीच्या कॉन्फ फाइलमधली 'लिसन' ही ओळ बदलावी लागली असती. पीआयडी जुळतोय म्हणजे ८० पोर्ट दुसऱ्याच कुठल्या सेवेने अडवलेलं नाही. विंडोजची स्वतःची आयआयएस सेवा चालू असेल तर तीही ८० धरून बसते.

म्हणजे सर्व्हर तयार आहे आणि पत्ता बरोबर आहे. उरली मधली भिंत.

मेथीलाडू
सोमवार, रात्री १०:२०

टॅबवर पिंगचं (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारं) ॲप टाकून १.७ ला पिंग करून बघा ना. पिंग गेला नाही तर वायफायचाच घोळ.

तांब्याची_तार
सोमवार, रात्री १०:३१

पिंग गेला तर रस्ता आहे एवढं नक्की कळतं. गेला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला मुळातच उत्तर देत नाही. पिंग बंद आणि वेबसाइट चालू असे कितीतरी पीसी आहेत. त्यावरून राउटर बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत.

ताई, स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' शोधून उघडा. डावीकडे 'इनबाउंड रूल्स'. नावांच्या यादीत 'अपाची एचटीटीपी सर्व्हर' आहे का? त्याच्या डाव्या बाजूला हिरवी खूण आहे की लाल?

पानखूण
मंगळवार, सकाळी १०:४४

वाचनालय उघडल्या उघडल्या पाहिलं. 'अपाची एचटीटीपी सर्व्हर' दोनदा आहे आणि दोन्हींवर लाल गोल खूण.

खरं तर मी कालच एका व्हिडिओत बघून ८० पोर्टसाठी 'अलाऊ'चा नवीन नियम केला होता. तो हिरवा आहे. तरीही उघडत नाही, म्हणून मला वाटलं फायरवॉलचा प्रश्न संपला.

तांब्याची_तार
मंगळवार, दुपारी १२:१५

सापडलं.

झॅम्पमध्ये अपाची पहिल्यांदा सुरू केला तेव्हा विंडोजने एक खिडकी दाखवली असणार, 'या प्रोग्रॅमला नेटवर्कवर परवानगी द्यायची का?' अशी. तिथे 'कॅन्सल' दाबलं गेलं. कुणीही तेच करतं, कारण त्या वेळी बाहेरून बघायचा विचारच नसतो. पण कॅन्सल म्हणजे 'नंतर विचार' असा अर्थ विंडोज घेत नाही. ती तिथल्या तिथे त्या प्रोग्रॅमसाठी बंदीचे दोन नियम लिहून टाकते, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. खिडकी पुन्हा येत नाही.

आणि फायरवॉलमध्ये बंदी आणि परवानगी दोन्ही लागू होत असतील तर बंदी जिंकते. तुमचा हिरवा नियम कितीही बरोबर असला तरी लाल नियम असेपर्यंत उपयोग नाही.

ते दोन लाल नियम निवडून डिलीट करा. मग तुमच्या ८० च्या नियमावर दोनदा क्लिक करा, उघडलेल्या खिडकीत वर 'स्कोप'वर जा आणि 'रिमोट आयपी ॲड्रेस'मध्ये 'लोकल सबनेट' घाला. म्हणजे परवानगी फक्त तुमच्याच राउटरवरच्या उपकरणांना राहील.

शून्यएक
मंगळवार, दुपारी १२:४०

हे नीट समजावलंत, मी घाईत 'बंद करा' लिहिलं होतं ते मागे घेतो. त्यासोबत नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी नियम फक्त प्रायव्हेटला लागू असतो.

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी १:०५

घरात मीही प्रायव्हेटच सांगितलं असतं. वाचनालयात नको. प्रायव्हेट केलं की विंडोज त्या नेटवर्कवरच्या लोकांना घरचं मानते, आणि पीसी शोधता येणं, फाइल शेअरिंग हे सगळं सैल होतं. इथे त्याच राउटरवर वाचकांचे फोन आहेत.

माझं मत: प्रोफाइल 'पब्लिक'च राहू द्या आणि ८० च्या नियमाच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'पब्लिक'वर टिक आहे याची खात्री करा. एकच दार उघडायचंय, तेवढंच उघडू.

पानखूण
मंगळवार, दुपारी ३:२७

उघडलं!! टॅबवर १९२.१६८.१.७ टाकलं आणि झॅम्पचं नारिंगी पान आलं. शिपाई मामांना बोलावून दाखवलं.

पण पुढे गाडी अडली. १९२.१६८.१.७/सूची टाकलं की क्षणभर काहीतरी होतं आणि 'लोकलहोस्ट रिफ्यूज्ड टु कनेक्ट' असं येतं. रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. आणि वर पत्त्याच्या पट्टीत मी टाकलेला आयपी जाऊन लोकलहोस्ट/सूची असं आपोआप झालंय. मी ते लिहिलेलं नाही.

शून्यएक
मंगळवार, दुपारी ४:०२

हे माझ्या विषयातलं आहे, लिहितो.

पट्टीत पत्ता बदलला हे तुम्ही टिपलंत त्यामुळे पाच मिनिटांत कळलं. टॅबची मागणी पीसीपर्यंत पोचली, वर्डप्रेसने ती वाचली. वर्डप्रेस बसवताना तुम्ही लोकलहोस्टवरून बसवलं, म्हणून त्याने स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लोकलहोस्ट/सूची असाच कायमचा लिहून ठेवलाय. दुसऱ्या पत्त्यावरून कुणी आलं की ते म्हणतं, 'माझा खरा पत्ता हा, तिकडे जा.' टॅब आज्ञाधारकपणे लोकलहोस्टवर जातो.

आता लोकलहोस्ट हे यंत्रांच्या भाषेतलं 'मी' आहे. पीसी 'मी' म्हणतो तेव्हा पीसी, टॅब 'मी' म्हणतो तेव्हा टॅब. टॅब स्वतःचंच दार वाजवतो, तिथे वेब सर्व्हर नाही, म्हणून 'रिफ्यूज्ड'.

पीसीवर वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग जनरल. तिथे 'वर्डप्रेस ॲड्रेस' आणि 'साइट ॲड्रेस' अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींत लोकलहोस्टच्या जागी १९२.१६८.१.७ घाला, बाकी काही बदलू नका. सेव्ह केल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागेल, ते आयपीवरूनच करा.

त्याआधी डेटाबेसचा बॅकअप. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानावर 'एक्स्पोर्ट', आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. दीड वर्षाच्या कामाला एवढी दोन मिनिटं द्याच.

पानखूण
मंगळवार, संध्याकाळी ५:४८

बॅकअप घेतला, बदललं, चाललं. टॅबवर सूची दिसतेय, शोध चालतोय. माझे हात थरथरत होते सेव्ह दाबताना.

एक राहिलं. मुखपृष्ठं सगळी दिसतात, पण आतल्या पानावर अनुक्रमणिकेचा फोटो असतो तिथे टॅबवर रिकामी चौकट येते. पीसीवर तोच फोटो दिसतो.

शून्यएक
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मुखपृष्ठ 'फीचर्ड इमेज' म्हणून लावलं असेल. त्याचा पत्ता वर्डप्रेस दर वेळी नव्याने जुळवतं, म्हणून ते नव्या पत्त्यावर आलं. अनुक्रमणिकेचा फोटो मजकुरात घातलेला आहे. घालताना त्याचा पूर्ण पत्ता, लोकलहोस्टसकट, मजकुरातच लिहिला गेला. साडेसहाशे पानांत तो तसाच आहे.

हाताने बदलू नका. आणि डेटाबेसमध्ये थेट एसक्यूएलचं 'रिप्लेस'ही चालवू नका. वर्डप्रेस काही माहिती अक्षरांची संख्या सोबत लिहून साठवतं. 'लोकलहोस्ट' इंग्रजीत ९ अक्षरं, आयपी ११. मोजणी चुकली की ती सेटिंग्ज वाचताच येत नाहीत. 'बेटर सर्च रिप्लेस' नावाचं मोफत प्लगिन ही मोजणी सांभाळून बदल करतं. त्यात आधी 'ड्राय रन' ठेवून किती जागा सापडतात ते बघा, मग खरं चालवा. शोधायचा शब्द नुसता लोकलहोस्ट नको, पुढच्या /सूचीसकट पूर्ण पत्ता द्या.

पानखूण
मंगळवार, रात्री ८:३०

ड्राय रनमध्ये हजारावर जागा दाखवल्या. खरं चालवलं. १९७० च्या आसपासच्या एका अंकाची अनुक्रमणिका टॅबवर दोन बोटांनी मोठी करून वाचली, शाई पुसट झालेली नावंसुद्धा लागली. वाचनालय बंद करायची वेळ होऊन गेली होती, तरी मी आणि मामा बघत बसलो होतो.

दुसऱ्या टॅबवर मात्र काहीच उघडत नाही, तिथे अजून 'टुक टू लाँग'.

कोकणवाट
मंगळवार, रात्री ९:१२

त्या टॅबचा स्वतःचा आयपी काय आहे? वायफायच्या नावावर दाबून धरलं की तपशिलात दिसतो. पहिले तीन आकडे १९२.१६८.१ असेच आहेत का? आमच्या शाळेत असंच झालं होतं. एक टॅब राउटरच्या 'गेस्ट' वायफायला जोडला होता. गेस्ट वायफाय इंटरनेट देतं पण आतल्या यंत्रांना भेटू देत नाही, त्याचा हेतूच तो असतो.

दुसरं, टॅबमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटा बंद ठेवा. वायफायवर इंटरनेट गेलं की अँड्रॉइड कधीकधी गुपचूप मोबाइल डेटावर जातो, वर वायफायची खूण तशीच राहते, आणि मग १९२.१६८ चा पत्ता त्याला कुठेच सापडत नाही.

पानखूण
बुधवार, सकाळी ११:०५

गेस्टच होतं! आकडे १९२.१६८.३ असे होते. मुख्य वायफायला जोडला, लगेच उघडलं. आमच्या राउटरवर वाचकांसाठी गेस्ट आधीच केलेलं आहे हे मलाच माहीत नव्हतं. आता वाचकांना त्याचाच पासवर्ड देते आणि मुख्य वायफाय फक्त पीसी आणि टॅबसाठी ठेवते.

सगळ्यांचे मनापासून आभार. कोटेशन उद्या परत पाठवते.

मेथीलाडू
बुधवार, सकाळी ११:३०

फार छान वाटलं वाचून. एक भाबडा प्रश्न. मी मूळची तुमच्याच भागातली, आता पुण्यात असते. ही सूची पुण्यातून बघता येईल का? बाहेरून आलेली मागणी आतल्या पीसीकडे पाठवायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतात ना?

रात्रपाळी
बुधवार, दुपारी २:२०

कृपा करून करू नका. झॅम्प बनवणारेच सांगतात की तो स्वतःच्या यंत्रावर काम करून बघण्यासाठी आहे, जगाला उघडा ठेवण्यासाठी नाही. त्यात डेटाबेसच्या रूट खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. ताई, तो तरी आधी घालून घ्या. पासवर्ड बदलला की वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये आणि पीएचपीमायॲडमिनच्या कॉन्फिग फाइलमध्येही तोच लिहायला विसरू नका. आणि टॅबवरून पीएचपीमायॲडमिन उघडायला गेलात तर ४०३ येईल. तो बिघाड नाही. अपाचीच्या सेटिंगमध्ये 'रिक्वायर लोकल' लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त पीसीवरूनच. ते काढू नका, इंटरनेटवर कितीही जणांनी सांगितलं तरी.

शिवाय गावोगावच्या अनेक जोडण्यांमध्ये राउटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यातला दिसला तर कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते आहे असं समजायचं. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग करूनही बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही.

पुण्याहून बघायचं असेल तर सूचीची प्रत वेगळ्या होस्टिंगवर ठेवावी. तो समितीचा निर्णय, आणि फोटो जाहीर टाकायचे का हाही त्यांनीच ठरवायचा विषय.

पानखूण
पुढचा मंगळवार, सकाळी १०:५२

पुन्हा अडचण. काल दुपारी तीन तास लाइट नव्हती. आज टॅबवर सूची उघडत नाही. आणि आता तर पीसीवरही नाही! लोकलहोस्ट/सूची टाकलं की पत्ता आपोआप १९२.१६८.१.७/सूची होतो आणि 'रिफ्यूज्ड टु कनेक्ट'. झॅम्पमध्ये अपाची आणि मायएसक्यूएल दोन्ही हिरवे आहेत. डेटा गेला का? काही सुचत नाहीये.

तांब्याची_तार
मंगळवार, सकाळी ११:०१

डेटा जागेवर आहे, काळजी करू नका. 'रिफ्यूज्ड' म्हणजे .७ वर कुणीतरी आहे आणि ते 'नाही' म्हणतंय. अपाची तर चालू आहे. मग .७ वरचं ते यंत्र तुमचा पीसीच आहे का? आयपीकॉन्फिग बघा.

पानखूण
मंगळवार, सकाळी ११:०६

१९२.१६८.१.४ झालाय!

तांब्याची_तार
मंगळवार, सकाळी ११:२८

तेच. पत्ता राउटर वाटतो, आणि तो उसना असतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, कुणाला कोणता पत्ता दिला होता ते तो विसरला. लाइट आल्यावर राउटर आधी उठला, पीसी तुम्ही आज सकाळी लावला. मधल्या वेळात मुख्य वायफाय जोडलेल्या कुणाच्या तरी फोनला .७ गेला. पीसीने आपला जुना पत्ता मागितला असेल, पण तो दिलेला होता. आता वर्डप्रेस सगळ्यांना .७ वर पाठवतंय आणि तिथे कुणाचा तरी फोन बसलाय.

उपाय राउटरमध्ये आहे. पीसीवर आयपीकॉन्फिग /ऑल करा. इथरनेटखाली 'फिजिकल ॲड्रेस' असेल, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून राउटरला लॉगिन करा, डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशा अर्थाचं काहीतरी सापडेल. तिथे तो फिजिकल ॲड्रेस आणि त्यासमोर १९२.१६८.१.७ लिहा. मग राउटर आणि पीसी दोन्ही बंद करून चालू करा. इथरनेटचाच घ्या, वायफाय कार्डाचा वेगळा असतो.

पीसीमध्येच कायमचा पत्ता घालता येतो, पण मग राउटरला ते माहीत नसतं आणि तो कधीतरी तोच पत्ता दुसऱ्याला देतो. राखीव जागा राउटरच्या वहीत लिहिलेली बरी.

शून्यएक
मंगळवार, सकाळी ११:४०

ही चूक माझीही. आयपी वर्डप्रेसमध्ये लिहायला सांगताना तो राखीव करा हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

पुन्हा कधी असं अडकलात आणि वर्डप्रेसच्या आत जाता आलं नाही, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_होम आणि डब्ल्यूपी_साइटयूआरएल अशा दोन 'डिफाइन' ओळी घालता येतात. तिथला पत्ता डेटाबेसमधल्या पत्त्यावर मात करतो. लागल्या तर इथे विचारा, ओळी अक्षरशः लिहून देईन.

पानखूण
मंगळवार, दुपारी ४:१५

राउटरमध्ये जागा राखून ठेवली. दोन्ही बंद करून चालू केलं, .७ परत आला, सूची उघडली. मग मुद्दाम आणखी दोनदा राउटरचं बटण बंद-चालू करून पाहिलं. दोन्ही वेळा .७ च. मुख्य वायफायचा पासवर्डही बदलला.

हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. एक आजोबा टॅबवर पत्ता टाकत होते आणि सारखं सर्चचं पान येत होतं. टॅबचा कीबोर्ड मराठी होता, त्यामुळे १, ९, २ हे मराठी आकडे जात होते. पत्ता म्हणून फक्त इंग्रजी आकडेच चालतात. मग मी पत्ता टाकायची वेळच ठेवली नाही. क्रोममधून 'ॲड टु होम स्क्रीन' केलं आणि टॅबवर फक्त 'दिवाळी अंक सूची' एवढंच चिन्ह ठेवलं.

आजोबा त्यानंतर दीड तास बसले होते. त्यांनी आमच्या यादीतली लेखकाच्या नावाची एक चूक काढून दिली, आडनावातला एक काना राहिला होता. ती दुरुस्त केली.

१९८० नंतरच्या अंकांची एक जुनी यादी श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये) टाइप केलेली सापडली आहे, ती युनिकोडमध्ये कशी आणायची यासाठी शनिवारी वेगळा धागा काढते.

कोकणवाट
मंगळवार, संध्याकाळी ५:०२

काढा नक्की. आमच्या शाळेतले जुने दाखले तसेच अडकलेत, मीही तिथे येतो.